दशांश पूर्ण पट्टीवर काढायचा की खर्च वजा जाता?

बदनापूरकर
जय ख्रिस्त. सोयाबीन 4 एकर, माल 28 क्विंटल, भाव 4,400. पट्टी (विक्रीचा एकूण हिशोब) झाली 1,23,200 ची. बी, खत, फवारणी, कापणीचा गुत्ता, मळणी, गाडीभाडं, हमाली-तोलाई मिळून खर्च 68,000. हाती 55,200. मग चर्चला द्यायचा दशांश, म्हणजे दहावा हिस्सा, 12,320 की 5,520? पीककर्ज फेडायचंय, घराचा वरचा मजलाही याच पैशातून चालू करायचाय. चर्चमधला हंगामाचा सण (पिकाबद्दल आभार मानून अर्पण देतात तो) जवळ आला, म्हणून आधीच विचारायलोय.

जमाखर्च
5,520. बी-खताला घातलेला पैसा परत आला तर ती कमाई नव्हे, तुमचंच भांडवल आहे.

घोळ होतो तो खर्चाच्या यादीत. मोबाइल, मोटारसायकलचा हप्ता, लग्नातले आहेर, किराणा हे सगळं हळूच शेतीखर्चात शिरतं आणि दशांश हजारावर येतो. हा खर्च उरलेल्या नऊ भागांतून करायचा. ट्रॅक्टर घरचा असेल तर पूर्ण हप्ता लावू नका. नांगरट, पेरणी भाड्यानं केली असती तर जेवढे गेले असते तेवढेच धरा. घरच्यांची मजुरी तर धरूच नका, ती कमाईच आहे.

कर्जाचंही तेच. बी-खत पीककर्जातूनच आणलं असेल तर ते 68,000 मध्ये आलंय, मुद्दल पुन्हा वजा केलं की एकच खर्च दोनदा लागतो. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज पडत नाही, तेव्हा मोठं अर्पण करायचं म्हणून हप्ता लांबवणं हा उलटा व्यवहार.

पैसे खात्यावर आले त्याच दिवशी दशांश वेगळा काढा. बायबलात 1 करिंथ 16:2 मध्ये पौल हेच सांगतो: आधीच बाजूला ठेवा. दिवाळीनंतर बघू म्हटलं की तो सिमेंट-सळईत जातो.

दुधनाकाठ
हिशोब बरोबर आहे, पण 5,520 भरले की सुटलो असं नाही. पुदिना-जिऱ्याचाही दशांश मोजून देता आणि न्याय, दया सोडता, असं प्रभूनं मत्तय 23:23 मध्ये सुनावलंय.

लेवीय 19:9-10 वाचा. शेताचा कोपरा कापू नका, सरवा (कापणीत मागे पडलेलं) वेचू नका, तो गरिबांचा. आपल्याकडे बाया सोयाबीनचा सरवा वेचायला येतातच, त्यांना हाकलू नका एवढंच. पण सोयाबीनचा कोपरा उभा ठेवायच्या भानगडीत पडू नका. वाळल्यावर शेंगा तडकतात, आठ-दहा दिवसांत दाणा मातीत. कापणीच्या वेळीच दोन-चार ओळी कापून बांधावर टाका आणि कोणत्या दिवशी यायचं ते सांगा. रोटाव्हेटर निदान दोन दिवस थांबवा. जनावरं सोडायची ती नंतर. मळणी झाली त्या जागेवर सांडलेलंही त्यांचंच.

कपाशी असेल तर शेवटची वेचणी द्या, मात्र तारीख ठरवून. फरदड (वेचण्या संपल्यावरही शेतात राखलेली कपाशी) ठेवली की गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात सगळ्या शिवाराला त्रास देते. दयेच्या नावाखाली ते नको.

आणि अनुवाद 14:28-29 प्रमाणे तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच राहायचा: लेवी (वतन नसलेले देवाचे सेवक), परका, अनाथ, विधवा यांच्यासाठी. आमच्या चर्चांमध्ये हे कुणी काढत नाही, का ते सांगायला नको.

बदनापूरकर
सरव्याचं ध्यानातच नव्हतं. मग मजल्याचं काय? लूक 12 मधल्या कोठारं पाडून मोठी बांधणाऱ्याची, देवानं ज्याला ‘मूर्खा’ म्हटलं त्याची गोष्ट डोक्यातून जात नाही.

मोसंबीबाग
साठवणं हा त्याचा दोष नव्हता भाऊ. योसेफानंही सात वर्षं पाचवा हिस्सा साठवलाच की, पण तो दुष्काळात सगळ्यांना धान्य पुरावं म्हणून. लूकमधला माणूस बोलतो तेव्हा माझं पीक, माझी कोठारं, माझा जीव. दुसरं माणूसच नाही. पोरांना झोपायला जागा नसेल तर मजला बांधा. शेजाऱ्यानं बांधला म्हणून बांधणार असाल तर एक हंगाम थांबा. तेव्हाही गरज वाटली तर ती खरी.

सणाला अर्पणात आलेल्या वस्तूंचा लिलाव होतो, त्यात मात्र सांभाळून. कोंबडी, भोपळा हजारावर जातो, तो भक्तीपेक्षा ईर्ष्येनं. बोलीचा आकडा घरून ठरवून जा आणि तिथे बोललात तर रोख तिथेच भरा; उधारीच्या बोल्या वर्षभर वहीत पडून राहतात. अर्पणाची पावती मंडळीच्या (चर्चच्या) नावाची घ्या. पाळकांच्या खाजगी खात्यावर पैसे पाठवू नका, माणूस कितीही चांगला असला तरी. दानावरची प्राप्तिकराची सूट (80जी) कुणी दाखवली तर नुसत्या शेतीच्या उत्पन्नाला तिचा उपयोग नाही, त्यावर प्राप्तिकरच नाही.

आईवडिलांच्या औषधाचे पैसे त्या 5,520 मध्ये मोजू नका. उलटंही करू नका: मंडळीला दिलं म्हणून त्यांचं औषध थांबवणं हेच ते ‘कुर्बान’ (देवाला वाहिलं म्हणून आईबापांना न देणं), मार्क 7:11.