बाळ पोटात असतानाच हंटिंग्टन सुरू होतो का?

सातारकर_वहिनी

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय.

माझ्या सासऱ्यांना हंटिंग्टन हा मेंदूचा आनुवंशिक आजार होता, पण तेव्हा घरात कुणाला हे नाव माहीत नव्हतं. चाळिशी उलटली आणि हात-पाय आपोआप हलायला लागले, चालताना झोकांड्या जायला लागल्या. एकदा दारू प्यायलेत समजून त्यांना भर पावसात गाडीतून खाली उतरवलं. माळकरी माणूस, आयुष्यात थेंबाला शिवले नव्हते. कपातला चहा सांडायचा म्हणून सासूबाई त्यांना पितळेच्या तांब्यात तळाशी घोटभर चहा द्यायच्या. ५८ व्या वर्षी गेले. तांब्या अजून फळीवर आहे.

गेल्या वर्षी ह्यांची तपासणी केली. सीएजी नावाचा जनुकातला आकडा ४३ आला, म्हणजे आजार होणार. अजून लक्षण काही नाही. मुलगा ९ वर्षांचा आहे.

परवा वाचलं की १३ आठवड्यांच्या गर्भाच्या मेंदूतच फरक दिसतो. तेव्हापासून पोरगा शाळेला निघताना बुटाची नाडी बांधतो ना, मी त्याची बोटं बघत उभी राहते. तो आत्ताच आजारी आहे का? दुसरं विचारायलाही भीती वाटते: पाचव्या महिन्यात मला टायफॉइड झाला होता, गोळ्या घेतल्या होत्या. त्याने काही झालं असेल का?

प्रज्ञा_के

वहिनी, शेवटचं आधी. टायफॉइडचा आणि गोळ्यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. चौथ्या गुणसूत्रावरच्या हंटिंग्टिन जनुकात सीएजी ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. २६ पर्यंत नेहमीचं, ४० आणि पुढे म्हणजे आयुष्यात कधीतरी आजार. ते गर्भ राहतानाच ठरतं. आईच्या खाण्यापिण्याने, तापाने तो आकडा हलत नाही. आणि मुलाकडे तो आलाच आहे असं धरून चालू नका, शक्यता निम्मी-निम्मी आहे.

आता १३ आठवड्यांचं. मी दहा वर्षं उंदरांच्या गर्भांचे मेंदू कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ते संशोधन २०२० मधलं, फ्रान्समधलं, सँड्रिन आम्बेर यांच्या गटाचं. ज्या जोडप्यांनी गर्भाच्या जनुक तपासणीनंतर गर्भपाताचा निर्णय घेतला, त्यांनी तो गर्भ अभ्यासाला देऊ केला. असे गर्भ मोजकेच होते. ते देणाऱ्या आयांचा विचार मनातून जात नाही.

मेंदू घडताना आतल्या पोकळीच्या भिंतीला लागून लांबट पेशींची दाटी असते. पेशीचं केंद्रक वर जातं, खाली येतं, भिंतीपाशी आलं की पेशी दुभंगते. एकीच्या दोन होतात, पुन्हा फेरी. ठरावीक फेऱ्या झाल्या की काही पेशी तिथून निघून वर जातात आणि चेतापेशी होतात. हंटिंग्टिन, म्हणजे त्या जनुकातून बनणारं प्रथिन, या सगळ्यात राबतं. उंदरात ते पूर्ण काढून टाकलं तर पिल्लू दीड आठवड्याच्या आत पोटातच मरतं. सदोष जनुक असलेल्या गर्भांत हे प्रथिन भिंतीपाशी भलत्या जागी साचलेलं दिसलं, केंद्रकांची ये-जा बिघडलेली, आणि पेशी लवकरच दुभंगणं सोडून निघालेल्या. आमच्या कोकणात भाताचा तरवा वेळेआधी उपटला तर रोप लागतं, पण फुटवे कमी येतात. काहीसं तसंच.

पण शेत उभं राहतं, वहिनी. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात पेग नोपोलस यांनी अशा घरांतली ६ ते १८ वयाची मुलं वर्षानुवर्षं तपासली. जनुक असलेल्या मुलांत स्ट्रायाटम, म्हणजे पुढे ज्या भागाला या आजाराचा सगळ्यात मोठा फटका बसतो तोच भाग, लहानपणी उलट मोठा दिसला आणि त्याची लहान मेंदूशी जोडणीही जास्त. मेंदू कमतरता भरून काढत असावा. अशी मुलं शाळेत जातात, खेळतात, नाड्या बांधतात. वेगळी घडण म्हणजे आजार नव्हे.

मला आशा वाटते ती २०२२ च्या कामामुळे. त्याच फ्रेंच गटाला अशा उंदरांच्या पिल्लांत पहिल्या आठवड्यात चेतापेशींमधले संदेश क्षीण आढळले. तेवढ्याच दिवसांत औषध देऊन ते सुधारले, तर मोठेपणीची लक्षणं लांबली. उंदरांतली गोष्ट आहे, माणसासाठी आज असं औषध नाही.

नील_पुणे

प्रज्ञाताई, एक बाजू राहिली. २०२५ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी मरणोत्तर दान केलेल्या मेंदूंतली एकेक पेशी तपासली. वारशाने आलेला आकडा तोच असला, तरी स्ट्रायाटमच्या पेशींत सीएजी आयुष्यभर वाढत राहतो. ४३ चा ८० व्हायला काही दशकं, मग झपाट्याने वर, आणि १५० च्या पुढे गेल्यावर पेशी खरी बिघडते. म्हणजे पहिली कितीतरी वर्षं पेशी जवळजवळ धडधाकट असते. मग गर्भातल्या घडणीला एवढं वजन का द्यायचं?

प्रज्ञा_के

नीलसर, मुद्दा बिनतोड आहे आणि मी तो टाळणार नाही. पेशी मरायला शेवटचा धक्का त्या वाढीचा असेल, हे मला पटतं. पण न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाईन वैद्यकीय महाविद्यालयातला २०१६ चा प्रयोग पाहा. उंदरांत सदोष जनुक गर्भापासून जन्मानंतरच्या २१ दिवसांपर्यंतच चालू ठेवलं, मग बंद. तरी मोठेपणी त्यांच्या हालचाली बिघडल्या. त्या उंदरांचा सीएजी मुळातच लांब होता, हे मान्य. तरी माझं मत असं की घडणीतल्या फरकामुळे या पेशी पुढचा मार सोसायला कमी पडतात. एससीए१ या लहान मेंदूच्या दुसऱ्या आनुवंशिक आजारातही २००६ मध्ये उंदरांत हेच दिसलं: सदोष जनुक लहान मेंदू घडून झाल्यावर चालू केलं, तर आजार बराच सौम्य.

बेचाळीस

माझा आकडा ४२, वय ३६, नागपूर. वहिनी, मुलाची तपासणी आत्ता करू नका. लक्षण नसलेल्या लहान मुलाची करत नाहीत. मोठा झाल्यावर करायची की नाही हे त्याचं तो ठरवेल. मला १९ व्या वर्षी घरच्यांनी न विचारता नेलं होतं. निकालापेक्षा तेच जास्त लागलं. आणि तुम्ही नाडीकडे बघता ते त्याला कळतं. माझी आई मी ताट वाढून घेताना बघायची. मला कळायचं.

सातारकर_वहिनी

सगळ्यांचे आभार. टायफॉइडचं वाचून रात्री खूप रडले, पण मोकळं वाटलं. बेचाळीसभाऊ, तुमचं वाक्य मनात घर करून बसलंय.

ह्यांना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, लहानपणीच औषध द्यायचं ठरलं तर कुणाला द्यायचं हे कळायला तपासणी आलीच ना? मग पोराला न कळू द्यायचं कसं?

प्रज्ञा_के

त्यांचा प्रश्न बरोबर आहे, वहिनी. आयोवात मुलांची जनुक तपासणी फक्त अभ्यासापुरती झाली, निकाल मुलांना किंवा आईवडिलांना सांगितले नाहीत. औषध आलं तर ते चालणार नाही, आणि मुलांची तपासणी न करण्याचा नियमही नव्याने मांडावा लागेल. ते ठरवताना डॉक्टरांबरोबर तुमच्यासारखी, बेचाळीससारखी माणसं बसलेली असायला हवीत. तोवर जनुकीय समुपदेशकाकडे दोघं मिळून जा, आणि त्यांनी तुम्हाला विचारलं ते तिथे जसंच्या तसं विचारा.