केबलवाल्याने परत पैसे वाढवले, बॉक्सही मेलाय. मदत हवी आहे (तातडीने!)

वैशाखवणवा
वैतागून लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

केबलवाल्याने या महिन्यापासून ६१० सांगितलेत. आधी ५२० होते, त्याआधी ४८०. का वाढले विचारलं तर "वरूनच वाढलंय ताई", संपला विषय. त्यात बॉक्स गेलाय. लाल दिवा लागतो, मग हिरवा, मग टीव्हीवर कंपनीचं नाव येतं आणि परत लाल. दिवसभर हेच. तो म्हणतो जुने बॉक्स बंद झाले, नवा घ्यावा लागेल, १८०० रुपये. आईची मालिका चार दिवस बुडालीय आणि मला रोज चार फोन. १८०० द्यावेत का? की सरळ डिश घ्यावी? लवकर सांगा, तो उद्या सकाळी येणार आहे.

रिमोटकंट्रोल
गाव कोणतं? बॉक्स कोणत्या साली घेतला? विकत की भाड्याने? टीव्ही कोणता? ६१० मध्ये कोणता पॅक? "पोटात दुखतंय, गोळी सांगा" असं झालं हे.

वैशाखवणवा
नाशिक, सिडको. टीव्ही साधाच आहे. पॅक बाबांना माहीत.

रिमोटकंट्रोल
साधा म्हणजे डबा की चपटा?

वैशाखवणवा
चपटा. पण बॉक्स त्या तीन रंगांच्या पिनांनीच जोडलाय. त्याने काय फरक पडतो?

फुकटछत्री
केबल उपटून फेका. डीडी फ्री डिश लावा. छत्री आणि बॉक्स मिळून एकदाच काय तो खर्च, पुढे महिन्याला शून्य रुपये. मी सहा वर्षं वापरतोय. नाशिकहून छत्रीचं तोंड आग्नेयेला करायचं, जीसॅट-१५ उपग्रह, ९३.५ अंश पूर्व. गच्चीवर आग्नेयेला झाड किंवा टाकी आडवी नको, बस्स. अर्ध्या तासाचं काम.

वैशाखवणवा
त्यावर आईची मालिका दिसेल का?

फुकटछत्री
मालिका बघून काय मिळतं? सह्याद्रीवर उत्तम कार्यक्रम असतात. बातम्या आहेत, जुने हिंदी सिनेमे आहेत. शिवाय भारताची मॅच डीडी स्पोर्ट्सवर फुकट.

जुनापाना
म्हणजे नाही दिसणार, असं सरळ सांगा ना. त्या मालिकांच्या मोठ्या मराठी वाहिन्या पैसेवाल्या आहेत, फ्री डिशवर येत नाहीत.

शेंगदाणा
मॅचवरून आठवलं. आमच्या केबलवरही डीडी स्पोर्ट्स आहे, पण भारताची मॅच असली की त्यावर दुसरंच काहीतरी चालू असतं. केबलवाला मुद्दाम करतो का?
जाता जाता: नवीन टीव्ही घेतलाय, त्याला जुना बॉक्स जोडला तर आवाज येतो, चित्र नाही. कुणाला माहीत आहे का?

जुनापाना
नाही हो, केबलवाल्याचा दोष नाही. २००७ च्या कायद्याने महत्त्वाच्या मॅचचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं, पण ते दूरदर्शनच्या स्वतःच्या अँटेनावाल्या प्रक्षेपणापुरतं आणि फ्री डिशपुरतंच. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच म्हटलं. म्हणून केबलवर ते येत नाही.

फायबरभाऊ
२०२५ उलटलं आणि लोक अजून केबलवर अडकलेत? वायफाय घ्या, टीव्हीला ती इंटरनेटवरून चॅनल दाखवणारी काडी (स्टिक) जोडा, सगळ्या मालिका अॅपवर. जाहिराती कमी, हवं तेव्हा बघा. आमच्याकडे तीन वर्षांत केबलची वायर बघितलेली नाही.

वैशाखवणवा
आमच्या आईला रिमोटची तीन बटणं येतात. चालू, आवाज वर, आवाज खाली. चॅनल बाबा लावून देतात. रिमोटचं मागचं झाकण केव्हाच हरवलंय, सेल पडू नयेत म्हणून रबरबँड आहे. तिला मी काडी, अॅप, पासवर्ड शिकवू? फोनवरून?

फायबरभाऊ
शिकवलं की शिकतात. माझी आजी ८१ वर्षांची आहे.

रिमोटकंट्रोल
आली, आली यांची आजी आली. प्रत्येक धाग्यात येते.

टेम्सकाठचा
तुम्ही नशीबवान आहात. इकडे इंग्लंडमध्ये काहीही बघा, नुसत्या थेट टीव्हीसाठी वर्षाला लायसन्स, २०२५ मध्ये ते १७४.५० पौंड होतं. केबलचे वेगळे.

जुनापाना
आपल्याकडेही होतं की लायसन्स, पोस्टात जाऊन पुस्तिकेवर तिकीट लावून घ्यायचं. आमच्या वडिलांनी रेडिओची ती पुस्तिका कितीतरी वर्षं जपून ठेवली होती, कोण तपासायला येणार होतं कोण जाणे.

रिमोटकंट्रोल
अवांतर पुरे. ताई, पावती टाका. ६१० कशाचे ते कळल्याशिवाय महाग की स्वस्त सांगता येणार नाही.

वैशाखवणवा
पावती कसली? तो येतो, बाबा देतात, तो वहीत टिक करतो. वर्षभर मीच फोनवरून पाठवतेय, त्याचाही मेसेज फक्त "मिळाले" असा येतो.

जुनापाना
मग आधी हे समजून घ्या. बिलात दोन भाग असतात. एक नेटवर्कचं भाडं, ज्याला एनसीएफ म्हणतात, आणि दुसरा पैसेवाल्या वाहिन्यांचा. फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रायची, म्हणजे केबल-फोनवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची, नवी पद्धत आली तेव्हा पहिल्या १०० वाहिन्यांचं भाडं जास्तीत जास्त १३० ठरलं होतं, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. पुढे त्याच १३० मध्ये २०० वाहिन्या द्यायला लावल्या. पण जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही वरची मर्यादाच काढून टाकली. आता हे भाडं किती लावायचं ते कंपनी ठरवते, फक्त जाहीर करायला हवं. त्यामुळे "वरूनच वाढलंय" हे अगदीच खोटं नसेल. पण वर म्हणजे कुठे आणि किती, हे सांगायला त्याला काय होतं? त्याच्या मुख्य कंपनीच्या अॅपवर किंवा वेबसाइटवर बॉक्सचा नंबर टाकून पॅक दिसतो. बाबांना बॉक्सच्या खालचा नंबर वाचायला सांगा.

फुकटछत्री
म्हणूनच म्हणतो, शून्य रुपये.

केबलवालादादा
इतका वेळ गप्प वाचत होतो. मी स्वतः सातारा भागात केबल चालवतो, २२ वर्षं झाली. सगळे केबलवाले चोर असं धरून चालू नका. त्या एनसीएफमधला मोठा वाटा वरची कंपनी घेते, वेगळा करार नसेल तर ५५ टक्के तिचे, ४५ आमचे. त्यात वायरी, खांब, अॅम्प्लिफायरचं लाइटबिल, पोरांचा पगार. वाहिन्यांनी दर वाढवले की शिव्या आम्हाला. रात्री साडेनऊला चित्र गेलं तर पावसात शिडी कोण लावतं, ते चॅनलवाले?

आता बॉक्सचं. लाल, हिरवा, नाव, परत लाल, हे ऐकूनच मला वाटतंय बॉक्स मेलेला नाही, अॅडाप्टर मेलाय. जुन्या अॅडाप्टरमधला कपॅसिटर फुगतो. सुरुवातीला बॉक्सला करंट कमी लागतो तोपर्यंत दिवा लागतो, नाव येतं. मग आतलं सगळं चालू व्हायला लागलं की व्होल्टेज बसतं आणि तो पहिल्यापासून सुरू होतो. मीटर लावला तर नुसत्या अॅडाप्टरवर १२ व्होल्ट बरोबर दाखवतो, म्हणून लोक फसतात.

जुने बॉक्स बंद झाले हेही काही ठिकाणी खरं आहे. कंपनीने चित्र पाठवायची जुनी पद्धत, एमपेग-२, सोडून नव्या एमपेग-४ वर सगळं नेलं की २०१२-१३ चे काही बॉक्स निरुपयोगी होतात. पण मग तो नीट चालू होऊन चॅनल काळे दिसतात. चालू-बंद, चालू-बंद असं करत बसत नाही.

फायबरभाऊ
दुसऱ्या अॅडाप्टरने चालला नाही तर? सगळे केबलवाले असंच करतात, आधी अॅडाप्टर, मग बॉक्स, मग वायर. माझ्याकडून तीन वेळा घेतले.

केबलवालादादा
तुमचा राउटर बसला की तुमचा इंटरनेटवालाही आधी अॅडाप्टरच बदलतो भाऊ.

वैशाखवणवा
दादा थांबा. दुसरा अॅडाप्टर कुठून आणू रात्री आठ वाजता? आईबाबा दोघंच आहेत तिथे, मी पुण्यात.

केबलवालादादा
घरात तसाच दुसरा बॉक्स असेल तर त्याचा लावून बघा. किंवा राउटरचा, पण त्यावर १२ व्होल्ट लिहिलेलं हवं, अॅम्पिअर बॉक्सच्या मूळ अॅडाप्टरइतके किंवा जास्त, आणि पिन तशीच. ९ व्होल्टचा लावू नका.

वैशाखवणवा
दुसरा बॉक्स आहे ना. आतल्या खोलीत आजीचा.

रिमोटकंट्रोल
…
हे आत्ता सांगताय?

जुनापाना
म्हणजे ६१० दोन बॉक्सचे आहेत!! ताई, हे पहिल्या ओळीत हवं होतं.

वैशाखवणवा
कुणी विचारलंच नाही. आणि माझ्या डोक्यातच नव्हतं. आजी जाऊन दोन वर्षं झाली. त्या टीव्हीवर तिने विणलेलं क्रोशाचं कव्हर आहे, त्यावर बाबांच्या गोळ्यांचे डबे असतात. तो कुणी लावतच नाही. त्याचेही पैसे जातायत हे मला आत्ता तुमचं वाचून कळतंय. थांबा, बाबांना फोन लावते.

टेम्सकाठचा
दोन वर्षांचे पैसे परत मागा.

केबलवालादादा
परत मिळायचे नाहीत, कनेक्शन चालू होतं. उगाच आशा दाखवू नका. मात्र एक सांगतो, कार्ड काढून या बॉक्सचं त्या बॉक्समध्ये घालू नका. कार्ड आणि बॉक्स यांची कंपनीकडे जोडी लावलेली असते, दुसऱ्यात चालत नाही. फक्त अॅडाप्टर बदला. आणि आजीचा बॉक्स त्याच मॉडेलचा असून चालला, तर "जुने बॉक्स बंद झाले" हे त्याला उद्या कसं सांगता येतं ते बघूच.

शेंगदाणा
माझ्या चित्राचं कुणी बघेल का?

वैशाखवणवा
झालं!!!

बाबा खुर्चीवर चढणार होते, आधी आईने तो हट्ट मोडला. शेजारच्या मुलाला बोलावलं. त्याने आजीच्या टीव्हीमागून अॅडाप्टर काढला, हॉलमधल्या बॉक्सला लावला. लाल, हिरवा, नाव… आणि पुढे गेला. मला फोनवर मालिकेचं गाणं ऐकू आलं. आईने फोन ठेवलासुद्धा नाही, सोफ्यावर टाकून दिला. मी पाच मिनिटं जाहिराती ऐकत बसले.

बंद पडलेला अॅडाप्टर त्या मुलाने हलवून पाहिला, आत काहीतरी खुळखुळतंय म्हणाला.

केबलवालादादा
ऐकलंत? नवा अॅडाप्टर दुकानात दीड-दोनशेला मिळतो. अठराशे वाचले.

जुनापाना
उत्तम. आता उद्या तो आला की दोन गोष्टी. एक, आजीचं कनेक्शन बंद करायला सांगा, फोनवर लेखी मेसेज करून. दोन, हॉलच्या बॉक्सच्या पॅकची यादी मागा. १९ रुपयांपेक्षा महाग चॅनल कुठल्याही पॅकमध्ये घालता येत नाही, म्हणजे पॅकमध्ये जे आहे ते त्या मर्यादेतलं असतं; आईला लागणाऱ्या चारपाच वाहिन्या सुट्या घेऊन बघा, बऱ्याचदा पॅकपेक्षा स्वस्त पडतं. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे लिहून वेळ घालवू नका. आधी मुख्य कंपनीचं कस्टमर केअर, मग त्यांचा नोडल अधिकारी, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेला माणूस, आणि काहीच झालं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

फुकटछत्री
बऱ्याचदा नाही पडत. पॅकवर ४५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते, सुट्यावर नाही. आधी हिशोब करा. किंवा छत्री लावा.

जुनापाना
पहिल्यांदाच पटण्यासारखं बोललात. हिशोब करूनच घ्या ताई.

वैशाखवणवा
सकाळचं सांगते. तो आला होता. बॉक्स चालू बघून म्हणाला, "अरे वा, लागला वाटतं आपोआप." जुने बॉक्स बंद झाल्याचं विचारलं तर म्हणाला पुढच्या महिन्यात होतील. आजीचं कनेक्शन बंद केलं तर हॉलचे ४२० होतील, कारण दोन बॉक्सची सवलत जाते. म्हणजे १९० वाचतील. बाबा लगेच हो म्हणाले. पण आई म्हणतेय पाहुणे आले की आत लागतो, राहू दे. दोन वर्षांत एक पाहुणा त्या खोलीत झोपलेला नाही. त्यांचं ठरेल तेव्हा कळवते. यादी द्यायला तो "संध्याकाळी पाठवतो" म्हणालाय, अजून आलेली नाही.

केबलवालादादा
संध्याकाळी परत एक फोन करा. आम्ही विसरतो, खरंच.

शेंगदाणा
आवाज येतो, चित्र नाही. तिसऱ्यांदा विचारतोय.

केबलवालादादा
पिवळी पिन.

शेंगदाणा
पिवळी लावलीय हो.

केबलवालादादा
कुठल्या भोकात?

शेंगदाणा
नवीन टीव्हीला पिवळं भोकच नाही. हिरवं, निळं, लाल, पांढरं, लाल आहे. म्हणून निळ्यात लावली.

केबलवालादादा
हिरव्यात लावा. हिरव्याच्या कडेला बारीक पिवळा गोल किंवा व्हिडिओ असं लिहिलेलं असेल, दोघांचं भोक एकच असतं. मग टीव्हीच्या रिमोटने सोर्समध्ये जाऊन एव्ही निवडा.

शेंगदाणा
लागलं! रंगीत!