मदत हवी आहे: यू-४७ पाणबुडीच्या शेवटाबद्दल

गुंथर प्रीन या कप्तानाच्या यू-४७ या जर्मन पाणबुडीवर मराठीत एक टिपण लिहीत आहे. १३-१४ ऑक्टोबर १९३९ च्या रात्री स्कॉटलंडमधील स्कापा फ्लोच्या ब्रिटिश नाविक तळात शिरून तिने ‘रॉयल ओक’ ही ब्रिटिश युद्धनौका बुडवली, तो भाग लिहून झाला आहे. त्यावर साहित्य हवे तेवढे मिळते. गाडी अडली आहे ती शेवटाशी.

२० फेब्रुवारी १९४१ रोजी फ्रान्समधील लोरियांहून निघालेली ही पाणबुडी मार्चमध्ये ओबी-२९३ या ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या ताफ्याच्या मागावर असताना सर्व ४५ जणांसह बेपत्ता झाली. जुन्या लेखनात तिला बुडवल्याचे श्रेय ‘वुल्व्हरीन’ या ब्रिटिश विनाशिकेला सरसकट दिलेले असते, तर नंतरचे अभ्यासक म्हणतात की त्या हल्ल्यात सापडली ती यू-ए ही दुसरीच पाणबुडी, जी जबर नुकसान सोसूनही बंदरात परतली. हे मला अधिक पटते, कारण परतलेल्या पाणबुडीची नोंदवही तरी ताडून पाहता येते. सुरुंग किंवा स्वतःचाच भरकटलेला पाणतीर (टॉर्पेडो) हे तर्कही वाचले आहेत, पण ते निव्वळ तर्कच वाटतात.

इंग्रजी संकेतस्थळे आणि सहज मिळणारी पुस्तके पाहून झाली आहेत; त्यामुळे कृपया तेच दुवे पुन्हा देऊ नयेत. जर्मन मला वाचता येत नाही. इंग्रजी मूळ कागदपत्रे चालतील.

‘वुल्व्हरीन’चे श्रेय ब्रिटिश नौदलाने अधिकृतपणे मागे घेतले का, आणि घेतले असल्यास कोणत्या वर्षी व कोणत्या दस्तऐवजाच्या आधारे?