शब्दचर्चा : ख्रिस्ती 'ऐक्य' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : दरवर्षी 18 ते 25 जानेवारीला ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनासप्ताह असतो. तिथे 'एकी' का म्हणत नाहीत? आणि ऐक्य म्हणजे सगळे पंथ मिटवायचे, असं समजायचं का?

उत्तर : एकी कामापुरती असते. गाव एकी करतं, संपकऱ्यांची एकी फुटते. ऐक्य त्याहून खोल. पण संतवाङ्मयामुळे हा शब्द ऐकला की आपल्याला जीव-शिवाचं ऐक्य आठवतं, म्हणजे दोनपण सरणं. तुमची शंका तिथूनच आली असावी. ख्रिस्ती वापरात दोनपण सरत नाही. बायबलमध्ये करिंथकरांना पत्र लिहिताना प्रेषित पौल शरीराचा दाखला देतो : डोळ्याला हाताची गरज असते, म्हणून डोळ्याने हात व्हायचं नसतं. इफिसकरांस पत्रात (अध्याय 4) तर ऐक्य राखायला सांगितलं आहे. ते देवाने आधीच दिलेलं आहे, म्हणून 'राखणे'. मला हे क्रियापद फार मोलाचं वाटतं.

नागपूरला 29 नोव्हेंबर 1970 रोजी अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स वगैरे पंथांच्या सहा मंडळ्या (म्हणजे चर्च) मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही एकच मंडळी झाली. बोलणी अनेक वर्षं चालली होती, आणि बाप्तिस्मा, म्हणजे मंडळीत घेण्याचा पाण्याचा विधी, हा त्यातला मोठा पेच. अँग्लिकन घरात तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो. बॅप्टिस्ट म्हणतात, माणूस मोठा होऊन स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करील तेव्हाच. शेवटी दोन्ही रीती मान्य झाल्या. एकाच मंडळीत एक आईबाप बाळाला बाप्तिस्म्यासाठी आणतात, दुसरे बाळाला देवाला नुसतं समर्पण करून थांबतात. उलट, ज्यांच्याकडे बिशप नव्हते त्यांनी बिशप स्वीकारले. हे सोपं नव्हतं, म्हणूनच मला त्याचा अभिमान वाटतो.

प्रश्न : याला विलीनीकरण म्हणणं बरोबर होईल?

उत्तर : संस्था म्हणून, हो. पण ऐक्य तेवढ्यावर अडत नाही. अमेरिकन मेथॉडिस्ट परंपरेची मंडळी 1970 मध्ये ऐनवेळी बाहेर राहिली. म्हणून ते परके झाले का? केरळची मार थोमा मंडळीही स्वतंत्र आहे, तरी 1978 मध्ये तिची चर्च ऑफ साउथ इंडिया (दक्षिणेतली अशीच संयुक्त मंडळी) आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाबरोबर संयुक्त परिषद झाली. कारभार वेगळा, प्रभुभोजनाचं (भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीचं) मेज एक. याला 'सहभागिता' म्हणावं.

प्रश्न : आणखी एक. चर्चला आमच्या वसईकडे कॅथलिक 'ख्रिस्तसभा' म्हणतात, नगरकडचे प्रॉटेस्टंट 'मंडळी'. एकच शब्द ठरवायला नको का?

उत्तर : माझ्या मते नको. 'सभा' म्हणजे बोलावून जमवलेली. चर्चसाठीच्या मूळ ग्रीक शब्दाच्या ('एक्लेसिया') ती जवळ जाते. 'मंडळी'त घरची माणसं आहेत. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा समुदाय काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तशिष्य होते. तिसरा शब्द, आणि तोही मराठीच. संयुक्त प्रार्थनेच्या पत्रिकेवर 'ख्रिस्तसभा' आणि 'मंडळी' दोन्ही छापावेत. वाचणाऱ्याला दोन्ही कळतात.