दमट हवेतली शोभेची झाडं: 'देशी' हा पहिला निकष असावा का?

ओलीमाती

उष्ण आणि दमट हवेसाठी झाडं सुचवा म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं: देशी लावा. हे उत्तर अपुरं आहे आणि काही जागी चक्क चुकीचं आहे, असं माझं मत. मतभेद असतील तर खुशाल मांडा.

अशा हवेत नवं झाड उन्हानं क्वचितच मरतं. ते मरतं मुळं गुदमरून. मातीतल्या पोकळ्या आठवडाभर पाण्यानं भरलेल्या राहिल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही, तंतुमुळं कुजतात आणि वर पानं सुकल्यासारखी दिसतात. मालक मग आणखी पाणी घालतो. कडुनिंब भारतीय उपखंडातलाच, पण पाणी तुंबणाऱ्या चिकणमातीत त्याची मुळं कुजतात. तिथेच ताम्हण, करंज, अर्जुन, जांभूळ, समुद्रफळ टिकतात, कारण ती मुळात नदी-ओढ्याच्या काठची झाडं. तेव्हा आधी जागा तपासा, जात नंतर.

तपासणी सोपी आहे. साधारण ३० सेंटीमीटर रुंद आणि ४५ सेंटीमीटर खोल खड्डा घ्या, काठोकाठ पाणी भरा, पूर्ण मुरू द्या. लगेच दुसऱ्यांदा भरा आणि पातळी ताशी किती उतरते ते पट्टीनं मोजा. पहिल्या भरण्याचा आकडा धरू नका, कोरडी माती पाणी शोषून घेते म्हणून तो फसवा असतो. ताशी अडीच सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त उतरलं तर बहुतेक झाडं चालतील. त्यापेक्षा कमी असेल तर वर लिहिलेली ओल सोसणारी झाडं घ्या, नाहीतर उंचवटा करून लावा.

माझा क्रम असा: निचरा, मग मुळांना मिळणारी जागा, मग वाऱ्यात टिकणं, आणि या तिन्हींत बसणाऱ्यांपैकी देशी कोणतं ते शेवटी.

रानबी

असहमत. तुमचे पहिले तिन्ही निकष कुंपणाच्या आतले आहेत. झाड मात्र कुंपणात थांबत नाही.

स्पॅथोडिया घ्या. आफ्रिकेतून आलेलं, लाल-केशरी फुलांचं, दमट हवेत झपाट्यानं वाढणारं. त्याच्या शेंगेत पातळ पंखांच्या बिया खच्चून भरलेल्या असतात, त्या वाऱ्यानं दूर जातात. वर मुळांवरून फुटवे येतात ते वेगळेच. सुबाभळीचंही तसंच, शेंगा लागल्या की रोपांचं रान उठतं. जगातल्या सर्वांत त्रासदायक १०० आक्रमक जातींची आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेची जी यादी आहे, तिच्यात ही दोन्ही आहेत. उष्ण आणि दमट हवा हेच या झाडांचं बळ. कोरड्या भागात त्यांना पाण्याची अडचण पडते, इथे काहीच आडवं येत नाही. म्हणून अशा हवामानात मूळ कुठलं हा प्रश्न आधी विचारायचा.

आणि वाऱ्याचं म्हणाल तर फ्लोरिडात १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळ आलं, त्यानंतर फ्लोरिडा विद्यापीठाच्या मेरी ड्युरिया आणि सहकाऱ्यांनी शहरातली झाडं मोजली. दक्षिण फ्लोरिडात तिथल्या मूळ जाती बाहेरून आणलेल्यांपेक्षा जास्त टिकल्या होत्या. म्हणजे तुमचा तिसरा निकषही बऱ्याच अंशी माझ्या बाजूचा.

बेचका

रानबी, त्याच अभ्यासमालिकेतला उरलेला भाग सोडून कसं चालेल? मुळांना जास्त जागा मिळालेली झाडं कमी उन्मळली. एकमेकांपासून सुमारे तीन मीटरच्या आत असलेली पाच किंवा जास्त झाडं एकाकी झाडांपेक्षा चांगली राहिली. छाटणी झालेली झाडंही बरी ठरली. यात मूळ देशाचा संबंध कुठे आला?

फांद्या मोडतात कुठे ते बघा. बहुतेकदा बेचक्यात. दोन सारख्या जाडीचे शेंडे अरुंद 'व्ही' आकारात वाढले की मधली साल आत दबत जाते, लाकूड लाकडाला जुळतच नाही. बाहेरून बेचका जाड आणि भक्कम दिसतो, आत सालीची फट असते. दमट हवेत त्या फटीत पाणी थांबतं, बुरशी धरते आणि पानं ओली होऊन जड झालेल्या वादळी रात्री झाड उभं चिरतं. हे परदेशी गुलमोहरात होतं तसं देशी सप्तपर्णी आणि कदंबातही होतं. कदंब तर भराभर वाढतो आणि लाकूड हलकं. वाहनतळावर तो लावायला मी कधीच सांगणार नाही, कितीही देशी असला तरी.

उपाय लहानपणीच करायचा. रोप घेतानाच एकच सरळ शेंडा असलेलं निवडा. पहिली पाच-सहा वर्षं दर वर्षी एकदा बघायचं: दुसरा शेंडा बरोबरीला येत असेल तर तो अर्धा कापून मागे ठेवायचा. पूर्ण काढायची घाई नको. कोणतीही बाजूची फांदी जोडाशी खोडाच्या निम्म्यापेक्षा जाड होऊ द्यायची नाही.

मोठी फांदी काढताना तीन काप. खोडापासून ३० सेंटीमीटरवर खालून एक तृतीयांश, मग त्याच्या थोडं पुढे वरून पूर्ण, आणि उरलेला खुंट शेवटी जोडाजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेरून. पहिला काप टाळला की फांदी पडताना खोडाची साल सोलत नेते. कडंच कापून सपाट केलं तर जखम बंद होत नाही, आणि दमट हवेत कुजणं वेगानं आत जातं. जखमेला डांबर किंवा रंग फासू नका, ओल आत कोंडते.

ओलीमाती

बेचका यांच्याशी पूर्ण सहमत. मुळांच्या जागेचा हिशेब मात्र आकड्यांत मांडायला हवा, कारण तिथेच सगळे गंडतात.

वापरात असलेला अंदाज असा: झाडाच्या घेराची, म्हणजे फांद्या-पानांच्या पसाऱ्याची, जमिनीवर पडणारी सावली जितके चौरस मीटर, त्या दर चौरस मीटरमागे ०.३ ते ०.६ घनमीटर भुसभुशीत माती. पूर्ण वाढल्यावर ८ मीटर व्यासाचा घेर हवा असेल तर सावली सुमारे ५० चौरस मीटर, म्हणजे माती १५ ते ३० घनमीटर. पाऊस वारंवार पडत असेल तर खालचा आकडा चालून जातो, कारण ओल सारखी भरून निघते. पण ज्या थरात पाणी साचून राहतं तो थर या हिशेबात धरायचा नाही, मुळं तिथे जातच नाहीत.

आता पदपथावर पेव्हर ब्लॉकमध्ये सोडतात तो एक मीटर लांब, रुंद आणि खोल चौकोन घ्या. एक घनमीटर. तो दीड ते दोन मीटर व्यासाच्या घेराला पुरतो. त्यात पर्जन्यवृक्ष लावला काय आणि वड लावला काय, दोन्ही फरशी उचलणार. वड देशी आहे म्हणून फरशीला दया दाखवत नाही!

रानबी

वड पदपथावर लावा असं मी म्हटलेलं नाही. पर्जन्यवृक्षाचा घेर ३० मीटरपर्यंत जातो, त्याला पदपथ सुचवणाऱ्यालाही माझा विरोधच आहे. देशी आधी याचा अर्थ आधी चाळणी लावा, मग चाळणीतून उरलेल्यांत जागा बघा. आणि चाळून उरतं ते कमी नसतं. किनाऱ्याजवळ खारं वारं असेल तर उंडी आणि पारोसा पिंपळ, ओल्या मातीत ताम्हण, मध्यम जागेत बकुळ, मोठ्या मैदानात अर्जुन. बकुळ आणि उंडी सावकाश वाढतात हा त्यांचा दोष मानला जातो. मी तो गुण मानते, सावकाश वाढणारं लाकूड सहसा घट्ट असतं.

सावलीकर

दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सुटते आहे. हे झाड लावायचंय कशासाठी?

कोरड्या उष्ण हवेत पानांतून बाष्प बाहेर पडल्यानं आजूबाजूची हवा चांगलीच गार होते. दमट हवा आधीच बाष्पानं भरलेली असल्यामुळे तो फायदा कमी. इथे माणसाला दोनच गोष्टी आराम देतात: ऊन अडणं आणि घाम वाळवणारा वारा. म्हणून दाट, जमिनीपर्यंत पानं असलेल्या झाडांची भिंत घराच्या वाऱ्याच्या बाजूला उभी केली की सावली मिळते आणि कोंदटपणा वाढतो. खोड उंच, घेर पसरट, खाली तीन मीटर मोकळं अशी झाडं हवीत. दाट रांग लावायचीच असेल तर वाऱ्याला समांतर लावा.

आणि हिरवा अशोक कृपया सावलीसाठी लावू नका. दोन मीटर रुंदीच्या पट्ट्यात आडोसा हवा असेल तर ठीक. त्याची सावली शोधावी लागते.

गुलमोहराबद्दल आणखी एक. तो मादागास्करचा, भरघोस फुलायला त्याला ठळक कोरडा हंगाम लागतो. वर्षभर ओल असणाऱ्या जागी पानंच जास्त मिळतील. फोटो पाहून निवडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

बेचका

तीन मीटर मोकळं हवं हे मान्य, पण ते एका वर्षात करू नका. झाडाच्या एकूण उंचीचा वरचा दोन तृतीयांश भाग फांद्या-पानांचा राहिला पाहिजे. सगळ्या खालच्या फांद्या एकदम छाटून शेंड्याला झुबका ठेवला तर खोड बारीक राहतं आणि वाऱ्याचा सगळा जोर टोकाला येतो. तीन मीटर मोकळं खोड हवं असेल तर झाड नऊ मीटरचं होईपर्यंत थांबा.

तळमूळ

जातीवरून भांडण चालू आहे, पण ओल्या प्रदेशात फुकट गेलेली बरीच झाडं खोल लावल्यामुळे गेलेली असतात, देशी काय नि परदेशी काय. म्हणून थोडं लावण्याबद्दल.

बुंधा जिथे पसरट होऊन मुळांत शिरतो ती जागा मातीच्या वर दिसली पाहिजे. पिशवीतल्या रोपात ती अनेकदा मातीखाली दडलेली असते. वरची माती बोटांनी काढत जा, पहिलं जाड मूळ लागेपर्यंत. खड्डा मातीच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण गोळ्याच्या उंचीपेक्षा खोल अजिबात नको. खोल खणून खाली शेणखत भरलं की खत कुजून बसतं, झाड खाली सरकतं आणि बुंध्याभोवती पाण्याचं डबकं होतं. चिकणमातीत गोळ्याचा माथा जमिनीपेक्षा ५ ते १० सेंटीमीटर वर ठेवा आणि कडेनं उतार द्या. कोरड्या भागातलं खोलगट आळं पावसाळ्यात फोडून टाका.

गोल फिरलेली मुळं पसरत नाहीत. गोळ्याच्या बाहेरचा दोन-तीन सेंटीमीटरचा थर चाकूनं सरळ कापून टाका. हे राहिलं तर वीस वर्षांनी तेच मूळ बुंध्याला आवळतं आणि झाड वाऱ्यात मुळासकट आडवं होतं. तेव्हा दोष जातीला दिला जातो.

पालापाचोळ्याचं आच्छादन ५ ते ८ सेंटीमीटर, खोडापासून वीतभर लांब. खोडाला टेकलं की साल ओली राहते, बुरशी आणि वाळवी दोन्हींची सोय होते. टेकूची काठी वर्षभरात काढा.

ओलीमाती

रानबी, आता खरा मतभेद सांगतो. देशीची चाळणी लावली की प्रत्यक्षात रोपवाटिकेत मिळतात त्या चार-पाच जाती, आणि मग सगळीकडे त्याच. अमेरिकी वृक्षसंशोधक फ्रँक सांतामूर यांनी १९९० मध्ये एक मोजमाप सुचवलं: एका जातीची झाडं १० टक्क्यांहून जास्त नकोत, एका प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची) २० आणि त्याहून मोठ्या गटाची, एका कुळाची ३०. दमट हवेत कीड आणि बुरशी वर्षभर चालू असते, तिथे हे जास्तच लागू. शंभर करंज लावून ते देशी आहेत म्हणून कोणी निश्चिंत राहू नये.

रानबी

शंभर करंज कोणीच लावू नयेत, मान्य. पण त्यावर उपाय रोपवाटिकेकडे नागकेशर, मुचकुंद, समुद्रफळ यांची आधी मागणी नोंदवणं हा आहे, वर्षभर आधी. स्पॅथोडियानं विविधता वाढवणं हा नाही. पसरणार नाही याची खात्री असलेलं बाहेरचं झाड शंभरात दहा असेल तर मी अडणार नाही. त्यापुढे मात्र अडेन.

सावलीकर

आणि स्पॅथोडिया आधीच मोठा असेल तर? घराला सावली देतोय म्हणून विचारतोय.

रानबी

उद्याच तोडू नका. खोडावर ठोकून पोकळ आवाज येतो का, बुंध्याशी फळीसारखी बाहेर आलेली कडक भूछत्रं आहेत का ते बघा. असतील आणि खाली माणसं वावरत असतील तर तो उतरवावाच लागेल. धड असेल तर त्याच्या घेराबाहेर पण जवळच, तीन-चार मीटरवर, ताम्हण किंवा बकुळ आताच लावा आणि स्पॅथोडियाच्या शेंगा हिरव्या असतानाच, उकलण्याआधी, दर वर्षी काढत जा. ताम्हण सावली द्यायला लागलं की स्पॅथोडिया टप्प्याटप्प्यानं वरून खाली काढा. नंतर निदान दोन पावसाळे मुळांवरचे फुटवे हातभर व्हायच्या आत मुळाशी खणून काढावे लागतील, नुसते कापले तर दुप्पट येतात.