दिव्यांग निधी: खात्यात की फूटपाथवर? (ठाणे-नवी मुंबई)

पामबीचचा पादचारी

बजेटचे दिवस आले की ठाणे काय आणि नवी मुंबई काय, महापालिकेच्या बातम्यांत एक ओळ ठरलेली असते: दिव्यांग कल्याणासाठी इतक्या कोटींची तरतूद. स्थानिक स्वराज्य संस्थांनी उत्पन्नाचा ५ टक्के हिस्सा यासाठी बाजूला काढायचा असतो. पूर्वी तो ३ टक्के होता. त्यात वैयक्तिक लाभ बसतात तशा सामूहिक सोयीही बसतात, पण ओढा सगळा पहिल्याकडे. पेन्शन, शिष्यवृत्ती, उपकरणं, स्टॉलला मदत. चेकवाटपाचा फोटो चांगला येतो, व्हीलचेअरसाठी काढलेल्या उताराचा येत नाही.

माझं मत: निदान पाच वर्षं यातला अर्धा पैसा फूटपाथ, क्रॉसिंग, बसथांबे आणि वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्यांवर लावा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, लागू झाला एप्रिल २०१७ मध्ये. कलम ४५ म्हणतं की नियम आल्यापासून पाच वर्षांत सगळ्या जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करा. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. त्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला, कारण कायदा 'कराच' म्हणतोय आणि नियम नुसत्या शिफारशी करतोय. इतकं सगळं कागदावर आहे.

आता जमिनीवर या. आमच्या नोडमध्ये (नवी मुंबईतली एक उपवसाहत) मेडिकलच्या कोपऱ्यावर मागच्या वर्षी नवा रॅम्प झाला. रॅम्प संपतो तिथेच चेंबरचं झाकण, रस्त्यापेक्षा दोन इंच वर. व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं बरोबर तिथे अडकतात. रॅम्पच्या तोंडाशी तीन खांब, मधल्या फटीतून माणूस आडवा होऊन जातो, खुर्ची नाही. आणि अंधांना वाट कळावी म्हणून लावलेल्या पिवळ्या टाइल्सची पट्टी सरळ जाऊन विजेच्या डीपीच्या बॉक्सला भिडते. काम झालं, बिल निघालं असणार, आणि रॅम्प वापरतंय कोण, तर पाण्याच्या बाटल्यांची हातगाडी. तीही अर्ध्यातून उचलून.

रोख मदत राज्य सरकार देऊ शकतं, केंद्र देऊ शकतं. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं अनुदान २०२५ मध्ये १५०० वरून २५०० केलंच. पण आपल्या गल्लीतला फूटपाथ दिल्ली दुरुस्त करणार नाही, मंत्रालयही नाही. तो महापालिकेनेच करायचा. मग महापालिकेचा पैसा तिथे नको का जायला?

चौथा मजला

साफ असहमत. तुमचा हेतू चांगला आहे हे मान्य करूनही.

माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. चौदा वर्षांचा आहे, वजन अडतीस किलो. आम्ही सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. तुमचा फूटपाथ माझ्या घरापासून चार जिने खाली आहे. त्याला उचलून उतरवणाऱ्या माणसाचा पगार, फिजिओ, डायपर, दर दीड-दोन वर्षांनी लहान पडणारे कॅलिपर (पायाला आधार देणाऱ्या पट्ट्या), हे सगळं रोखीचं काम आहे. २५०० रुपयांत अटेंडंट आठवडाभरसुद्धा येत नाही, आणि त्या योजनेला उत्पन्नाची अट आहे ती वेगळीच.

दुसरं, फूटपाथ कुणाचा आहे? सगळ्यांचा. रस्त्यांचं बजेट दिव्यांग निधीच्या कितीतरी पट मोठं असतं. रस्ता करतानाच उतार नीट काढणं हे स्थापत्य विभागाचं काम, आमच्यावर उपकार नव्हेत. चुकीचा रॅम्प त्यांनी बांधायचा आणि तो पुन्हा फोडून बांधायचा खर्च आमच्या पाच टक्क्यांतून? एकदा ही वाट मोकळी झाली की उद्या अख्ख्या चौकाचं सुशोभीकरण दिव्यांग निधीत दाखवतील, कारंज्यासकट.

आणि महापालिकेच्या पैशाचं सोनं होत नाही असंही नाही. वाशीचं ईटीसी हे दिव्यांगांसाठीचं केंद्र नवी मुंबई महापालिकेनेच काढलं. शिक्षण, प्रशिक्षण, उपचार एका छताखाली. माझं पोर तिथे मानेला ताठ धरायला शिकलं. सामूहिक खर्च करायचाच तर असली आणखी चार केंद्रं काढा. ठाण्याच्या टोकापासून वाशीला रोज मूल घेऊन येणं काय असतं ते विचारा कुणालाही.

नौपाड्याचा नाका

मी जरा कडू बोलतो, चालेल ना?

खांब काढा म्हणणं सोपं आहे. आमच्याकडे गोखले रोडला, राम मारुती रोडला संध्याकाळी येऊन बघा. खांब काढले की पाच मिनिटांत फूटपाथवर बाइक चढते, तीही हॉर्न वाजवत. माझ्या वडिलांना अशाच एका डिलिव्हरीवाल्याने मागून ठोकलं, खुब्याचं ऑपरेशन झालं. ते आता वॉकर घेऊन चालतात आणि खांब असलेल्याच बाजूने जातात. म्हणजे एका अपंगाची सोय ती दुसऱ्याची गैरसोय. ठरवणार कोण?

आणि जुन्या ठाण्यात फूटपाथ आहे कुठे? जिथे आहे तिथे दुकानाची पायरी, भाजीवाली, पार्क केलेल्या गाड्या. आधी फूटपाथ मोकळा करा, मग टाइल्स लावा. रिकामा नाही तो सुगम कसला करताय. दहा टक्के काम कारवाईचं आहे, पैशाचं नाही... दहा काय, नव्वद म्हणा.

पामबीचचा पादचारी

@नौपाड्याचा नाका, खांब नकोत असं मी म्हटलंच नाही. मधलं अंतर नीट ठेवा म्हणतोय. मुंबईत याच प्रश्नावर २०२३ मध्ये हायकोर्टाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. व्हीलचेअर वापरणाऱ्या एका रहिवाशाने नुसता ईमेल केला होता. खुर्चीची रुंदी साधारण ६५ ते ७० सेंटिमीटर असते. एक मीटरच्या आसपास जागा सोडली तर ती आरामात जाते. बाइकही जाईल, कबूल. पण बाइकवाल्याला पावती फाडता येते.

@चौथा मजला, पुन्हा दुरुस्तीचा खर्च दिव्यांग निधीतून नको, हे पटतं. पण "रस्ते विभागाचं कर्तव्य आहे" म्हणून थांबलो तर आणखी दहा वर्षं थांबावं लागेल. नवी मुंबईत मे २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, ठाण्यात मार्च २०२२ मध्ये, आणि मग वर्षानुवर्षं प्रशासक. त्या काळात वॉर्डातल्या रॅम्पसाठी भांडायला जायचं तरी कुणाकडे?

जुना जेई

एका महापालिकेत स्थापत्य विभागात जेई, म्हणजे कनिष्ठ अभियंता होतो, आता निवृत्त आहे. कुठल्या ते सोडा.

रॅम्प का चुकतात ते सांगतो. कर्बची, म्हणजे फूटपाथच्या कडेची, उंची १५ सेंमी धरा. उतार १:१२ पाहिजे, उंचीच्या बारा पट लांबी. म्हणजे १८० सेंमी लांब, सहा फूट. आणि फूटपाथच पाच फुटी. काढायचा कुठे? लांबीत काढला तर दुकानदार ओरडतात, रस्त्यात काढला तर पावसाचं पाणी अडतं आणि ट्रॅफिकवाले नको म्हणतात. ठेकेदार तीन फुटांत उरकून मोकळा होतो. तो रॅम्प नव्हे, घसरगुंडी.

त्यात नवी मुंबईचं वेगळं दुखणं. तिथे बऱ्याच नोडमध्ये फूटपाथ पावसाळी गटाराच्या स्लॅबवरच आहे. तो खाली घ्यायचा तर गटाराची भिंत उतरवावी लागते. म्हणून चेंबरची झाकणं वर-खाली होतात. रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला की पुन्हा सगळ्या लेव्हल बदलतात. त्यापेक्षा झेब्रा क्रॉसिंगच फूटपाथच्या पातळीला उचलावं, कडेला पाण्याला पाइप ठेवावा. खुर्ची सरळ पलीकडे जाते आणि गाड्यांचा वेगही कमी होतो.

पण खरी गोम बिलात आहे. ठेकेदाराला पैसे मिळतात कर्बच्या रनिंग मीटरवर आणि पेव्हर ब्लॉकच्या चौरस मीटरवर. एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीत, लांबी लिहितात, रुंदी लिहितात. उतार किती निघाला हे मोजून लिहायची सवयच नाही. मी स्वतः सह्या केल्या आहेत, मला माहीत आहे. निधी पाच टक्के असो की पन्नास, एमबी हीच राहिली तर रॅम्प हेच होणार. फायनल बिलाआधी एक व्हीलचेअर आणि एक काठी त्या तुकड्यावरून न अडता गेली पाहिजे, ही टेंडरमध्येच अट टाका. नाही गेली तर अनामत रक्कम अडकवा. डीएलपी (ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) संपेपर्यंत तो आपल्या हातात असतो, नंतर फोन उचलत नाही.

पांढरी काठी

स्क्रीन रीडरवर अख्खा धागा ऐकला. खुर्चीवर चर्चा भरपूर झाली, आमच्याकडे कुणी वळलं नाही, म्हणून लिहितो.

जुना जेई म्हणतात तसं क्रॉसिंग फूटपाथच्या पातळीला आणलं, सगळं सपाट केलं, तर खुर्चीवाल्यांचं भलं. माझं काय? कर्बची धार हीच माझी खूण आहे. काठी खाली गेली की कळतं, रस्ता आला. तुम्ही ती धार काढून टाकलीत तर मी बोलता बोलता बसखाली जाईन. म्हणून त्या जागी ठिपक्यांची टाइल सक्तीची हवी. लांब रेघांची टाइल म्हणजे चालत रहा, ठिपक्यांची म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. आमच्या भागात तर शंभर-दीडशे मीटर सलग ठिपकेच लावलेत. बहुतेक गोदामात तीच शिल्लक असेल. म्हणजे दर पावलाला थांब, थांब, थांब. त्यापेक्षा साधी लादी परवडली.

रेल्वेचं बघा. लोकलच्या अपंगांच्या डब्याची जागा कळावी म्हणून प्लॅटफॉर्मवर बीप वाजतो. साधी गोष्ट, पण मी कुणाचा हात न धरता डब्याच्या दारापर्यंत जातो. स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकलं की खेळ खल्लास. बस थांब्याला लागतच नाही, दुसऱ्या लेनमध्ये उभी राहते. नंबर विचारेपर्यंत निघून जाते. आणि आताच्या इलेक्ट्रिक बसचा आवाजही येत नाही. याला निधी कशाला लागतो? ड्रायव्हरने गाडी थांब्याला लावायची आणि दारातून नंबर सांगायचा, एवढंच.

बाकी ती अटीची कल्पना चांगली आहे, पण एक धोका सांगून ठेवतो. दिव्यांग प्रतिनिधी म्हणून दर वेळी तोच एक माणूस बोलावतील, चहा पाजतील, सही घेतील. चालून बघणाऱ्याला त्या दिवसाचे पैसे द्या, आणि माणसं बदलती ठेवा.

घोडबंदरची सून

आमच्या नव्या टॉवरला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आहे, रॅम्पही आहे. रॅम्पवर सोसायटीने कुंड्या ठेवल्यात. सासूबाईंची व्हीलचेअर वॉचमन आणि मी पायऱ्यांवरून उचलतो. कलम ४४ प्रमाणे सुगमता नसेल तर पूर्णत्वाचा दाखलाच मिळू नये ना? मग दाखला मिळाल्यावर कुंड्या आल्या तर बघायचं कुणी?

नौपाड्याचा नाका

कुंड्या तुम्हीच उचला की ताई! सगळं महापालिकेने का करायचं. बाकी जुना जेईंचा प्रतिसाद वाचून वाटलं, एवढं माहीत असून नोकरीत असताना का नाही केलं कुणी?

जुना जेई

कारण जेईची बदली ठेकेदाराच्या बिलापेक्षा लवकर होते. पुढचं लिहीत नाही.

पामबीचचा पादचारी

बिलाची अट मला माझ्या मूळ सूचनेपेक्षाही जास्त पटली. तरी 'अर्धा निधी'चा हट्ट पूर्ण सोडत नाही. नवीन कामांना अट लागेल, पण जे फूटपाथ आधीच झालेत आणि ज्यांची डीएलपी संपली त्यांचं काय? ठेकेदार गेला, अनामत गेली. त्यांची दुरुस्ती बजेटच्या कुठल्यातरी हेडमधून (लेखाशीर्षातून) करावीच लागणार. रस्ते विभाग नव्या डांबरीकरणातून मान वर काढत नाही. दिव्यांग निधीतून दरवर्षी वॉर्डमागे एक रस्ता, स्टेशनपासून दवाखान्यापर्यंत सलग, एवढंच करा. तुकड्या-तुकड्याने रॅम्प नकोत. मधलं एक क्रॉसिंग चुकलं तरी अख्खा रस्ता गेला.

चौथा मजला

स्टेशन ते दवाखाना सलग रस्ता, मान्य. त्या मार्गावर टाइल्स कुठल्या लावायच्या ते पांढरी काठी यांना विचारून ठरवा, हेही मान्य. पण खर्च रस्त्यांच्या लेखाशीर्षातच दाखवायचा. मेंटेनन्सचं हेड असतंच की, खड्डे बुजवायला पैसे निघतात ते कुठून?

तुम्ही महापालिकेला अर्ज करणार असाल तर मसुदा इथे टाका. बिलाची अट, बदलते तपासनीस, बसने थांब्याला लागायचं, या सगळ्यावर मी सही करीन, ईटीसीत भेटणाऱ्या आयांच्याही सह्या आणून देईन. त्यात 'पाच टक्क्यांतला अर्धा' हे शब्द दिसले तर त्याच दिवशी हरकतीचा वेगळा अर्ज माझ्या नावाने जाईल.