भूल न देता शॉक, आणि डॉक्टरांच्या मागं सायकियाट्रिक सोसायटीची फ्रेम. काय समजायचं?

कयाधूकाठची (हिंगोली)
नमस्कार मंडळी. माझे मोठे दीर पेरणी झाल्यापासून खोलीतनं बाहेर येईनात. जेवण जवळपास बंद, भिंतीतनं कुणी बोलतंय म्हणतात. आधी बाहेरचं समजून देवऋषी झाला, ते जाऊ द्या. आता मानसोपचाराच्या एका खासगी दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, शॉक द्यावे लागतील. सासऱ्यांनी खर्च विचारला तर कंपाउंडर म्हणतो, "भूल न देता केलं तर निम्म्यात होतंय, धरायला दोन माणसं आणा." ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला.

पण खुर्चीमागं इंडियन सायकियाट्रिक सोसायटीची फ्रेम आहे, 'लाइफ फेलो' लिहिलेली. सासरे म्हणतात, एवढ्या मोठ्या संघटनेचा माणूस, तो वंगाळ कशाला करंल? ही संघटना नेमकी करते काय? डॉक्टरकीचा परवाना तीच देते का? तक्रार करायची तर तिच्याकडंच का?

गोदाकाठ_पाटील
फ्रेमचं नंतर बघू ताई, आधी तिथनं उठा.

मेडिकलवाला_अंबाजोगाई
वहिनी, माझं मेडिकल आहे, मानसोपचाराच्या चिठ्ठ्या रोज हाताखालून जातात म्हणून बोलतो.

परवाना संघटना देत नाही. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची असते आणि तो नंबर चिठ्ठीवर असायलाच पाहिजे. नावापुढं एमडी सायकियाट्री, डीपीएम नाहीतर डीएनबी अशी मानसोपचाराची पदवी-पदविका आहे का तेही बघा.

सोसायटी १९४७ पासूनची, देशभरातल्या मानसोपचारतज्ज्ञांची. दरवर्षी अधिवेशन भरवते, स्वतःचं जर्नल काढते. कोणत्या आजाराला आधी कोणती गोळी, किती दिवस, सोबत कुठल्या तपासण्या, याच्या मार्गदर्शिका छापते, शॉकच्याही आहेत. दुकानात बसून मला त्याचा उपयोग कुठं दिसतो सांगतो. क्लोझापिन म्हणून गोळी आहे, बाकीच्या गोळ्यांनी हात टेकले की देतात. तिच्यानं काही जणांच्या पांढऱ्या पेशी एकदम उतरतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासायचं. काही डॉक्टर चिठ्ठीवरच लिहितात, 'सीबीसी बघून देणे', म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी बघून. काहींचं नुसतं 'चालू ठेवा'. घरचे म्हणतात, "रक्ताला कशाला पैसे घालायचे, गोळी द्या ना भाऊ." मी देत नाही. मग ते समोरच्या दुकानातनं घेतात. आता मार्गदर्शिका कितीबी चांगली असू द्या, ती माझ्या काउंटरपर्यंत पोचायची का नाही हे त्या एका डॉक्टरच्या हातात. संघटनेचं कुणी इथं येऊन बघत नसतं.

आता भुलेचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ९५. भूल आणि स्नायू सैल करायचं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला बंदी आहे. २९ मे २०१८ पासून लागू. निम्म्या पैशात नाही, घरच्यांची सही घेऊनसुद्धा नाही.

तक्रार डॉक्टरच्या वागण्याची असेल तर कौन्सिल, पेशंटच्या हक्काची असेल तर मेंटल हेल्थ रिव्ह्यू बोर्ड. वकिलाचे पैसे नसले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, मोफत मदतीचा हक्क त्याच कायद्यात आहे. संघटनेला पत्र लिहा हवं तर. ती फार तर सभासदत्वाला हात लावंल, दवाखान्याला कुलूप लावायचा अधिकार तिला नाही.

रात्रपाळी_डॉक्टर
काकांचं पटलं. पण ताई, हे वाचून शॉकच नको असं घरात ठरवू नका. जेवण सोडलेला, हलत-बोलत नसलेला पेशंट ईसीटीनं, म्हणजे याच शॉकनं, लवकर सुधारतो, गोळ्यांची वाट बघत बसणं तिथं धोक्याचं असतं. भूलतज्ज्ञ पाहिजे आणि पेशंट उपाशीपोटी न्यायचा. पेशंट झोपलेला असतो, काही मिनिटांत होतं. धरायला माणसं लागतच नाहीत.

आणि संघटनेला एवढंही हलक्यात घेऊ नका. २०१८ मध्ये ३७७ कलमाचा खटला सुप्रीम कोर्टात होता, तेव्हा समलैंगिकता हा आजार नाही असं तिनं जाहीर सांगितलं. पोराला 'सुधरवायला' घेऊन आलेल्या बापाला मी एकटी काही बोलले तर तो दुसरा डॉक्टर शोधतो. देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे म्हटल्यावर निदान बसून ऐकतो.

मेडिकलवाला_अंबाजोगाई
मान्य मॅडम. पण राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं कुठं? येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकबी नाही. पेशंटला जीपमध्ये घालून रातोरात पुण्याला नेलेली माणसं माझ्या गिऱ्हाइकांत आहेत. तुमच्या अधिवेशनात यावर ठराव झाला तर आम्हालाबी कळवा.

रात्रपाळी_डॉक्टर
मला अजून अधिवेशनाला जायला सुट्टी मिळालेली नाही काका 🙂

कयाधूकाठची (हिंगोली)
चिठ्ठी काढून बघितली. नोंदणी नंबर आहे, एमडीपण आहे. म्हणजे माणूस शिकलेला, फ्रेमही खरीच असणार. डॉक्टरांना फोन करून भुलेचं विचारलं तर "कंपाउंडरशी बोला" म्हणाले. तिथं आता जायचं नाही.

सासऱ्यांना कलम वाचून दाखवलं. म्हणाले, "कलम राहू दे, दुसरा डॉक्टर कुठंय ते सांग." मग टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, १४४१६ ला फोन लावला, मराठीत नीट बोलले. जेवण बंद आहे म्हटल्यावर थांबू नका म्हणाले. नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात न्यायचं ठरलंय, धाकटे दीर गाडी बघताहेत. तिथं ओपीडीचा केसपेपर सकाळी कितीला काढावा लागतो, कुणी सांगेल का?